काहीही उघडा, प्लेयरच लागतो

मला सांगायला लावू नका म्हटलं तरी सोसायटीतली मंडळी ऐकत नाहीत. चौथीत शाळा सोडून बोटीवर तांडेल झालेल्या माणसाने काय लिहायचं? पण थळच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर एक आणि त्याला हात लावणारे शहाणे दहा. किस्से साठणारच. जाळं कितीही झटका, खवलं राहतंच.

*

सुरुवात केली आमच्या सेक्रेटरीने, सदानंदने. फाईल उघडताना कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा, कशात उघडू? सदानंद वैतागला. त्याने नेटवरून फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, कुठली फाईल कशात उघडायची ते परस्पर ठरवणारं. त्या सॉफ्टवेअरने इंग्रजीत काहीबाही विचारलं, सदानंदने न वाचता यस, यस, यस दाबलं. मी म्हटलं, वाच तरी. म्हणाला, "तांडेल, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

*

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमेचे फोटो उघडले, तर गाण्याचा प्लेयर लागला. पत्र उघडलं, प्लेयर. बर्फाचा हिशेब उघडला, प्लेयर!

सदानंदने माझ्याकडे बघितलं. का, तर आदल्या संध्याकाळी मी फडक्याने कीबोर्ड पुसला होता. लगेच भिंतीवर कागद लागला: 'तांडेलांनी मशीनजवळ बसू नये.' जन्मभर बोट चालवली, एकदाही खडकाला लागू दिली नाही, आणि आता गावभर बोंब, म्हाताऱ्याने कॉम्प्युटर मोडला. घरी सून टीव्हीचा रिमोटसुद्धा उचलून ठेवायला लागली.

*

वार्षिक सभेच्या आधी सदानंदने अजून काहीतरी दाबलं. आता सगळं नोटपॅडमध्ये उघडायला लागलं. सभेत पडद्यावर अहवाल लावला, तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. चेअरमन चष्मा पुसत उभे. मागून मासळीवाली पारूबाई म्हणाली, "राहू द्या. दरसालपेक्षा ह्येच बरं हाय, निदान थाप तरी न्हाय."

*

मग दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आणलं. तेसुद्धा नोटपॅडमध्येच उघडलं. विहिरीत पडलेल्याला दोर टाकावा आणि दोरच आत पडावा, तशी गत. मी दाराबाहेरूनच म्हटलं, "आता मशीनलाच विचार, तुला कशात उघडू."

*

गेल्या महिन्यात सदानंदची बायको, सुमनवहिनी, किहीमहून त्याचा डबा घेऊन आली. ऑफिस माणसांनी भरलेलं. डबा ठेवता ठेवता म्हणाली, "अवो, घरच्या लॅपटॉपलापण तोच रोग झालाय. पोरीच्या लग्नाचे फोटो उघडले तर गाण्याचं कायतरी लागतंय."

मी दारातूनच विचारलं, "वहिनी, मी कधी तुमच्या घरी आलोय काय?"

"न्हाय बा. बोलावून तरी कधी आलात?"

चेअरमन उठले आणि भिंतीवरचा कागद फाडला. सदानंदने चहा मागवला, माझा कप स्वतः आणून हातात दिला. मी आत गेलो, मशीनजवळच्या खुर्चीवर बसलो आणि सावकाश प्यायलो.

चहा चांगला होता. माफी अजून बाकी हाय, सदानंद.