समुद्राकाठची सायकल

आज सकाळी सुलतानपूरच्या रस्त्यावर मागून घंटी वाजली. "मोठेबाबा, सरका बाजूले!" म्हणत धाकट्या भावाची पोरगी सायकलवर भुर्रकन पुढे गेली, आणि मला तिची आई आठवली.

तेव्हा भावाचं नवंनवं लग्न झालेलं. आम्ही सगळे कोकणात गेलो होतो. तिथं समुद्राला लागून एक लांब रस्ता होता, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. भावानं भाड्यानं दोन सायकली घेतल्या. भावजय सुनीता वडनेरची. माहेरी शाळेत सायकलनंच जायची. लग्नानंतर ते सुटलं होतं.

भाऊ सुसाट पुढे गेला. मी आपला पोट सावरत रस्त्याच्या मधोमध चाललो होतो. मागून चाकाची टरटर ऐकू येत होती. वळून पाहतो तर सुनीता डोक्यावर पदर घेऊन, सायकल हातानं ढकलत येत होती. आमच्याकडे वडीलधारा माणूस पायी दिसला की सायकलवरून उतरतात.

"काऊन वं, चालवत नाही?"

"तुम्ही पायी चालून राह्यले ना, भाऊ."

मला काय अभिमान वाटला! खाऱ्या वाऱ्यात छाती फुगवून मी आणखीच सावकाश चाललो. वर तिला माड, मासे, होड्या यांची माहितीही दिली. त्यातलं मला स्वतःला काहीच ठाऊक नव्हतं. वाटेत चांगली रिकामी बाकडी होती. एकावर टेकलो असतो, तर ती पुढे गेली असती.

रस्ता संपला, भाड्याची वेळही संपली. सायकल परत देताना तिनं पदरानं सीट स्वच्छ पुसली. त्या सीटवर ती क्षणभरही बसली नव्हती.