गोवऱ्यांच्या ढिगाला तीन हॉर्न

गोंबोच्या डाव्या डोळ्यात दोन हिवाळ्यांपासून धुकं उतरत होतं. आता उजवाही त्याच वाटेने निघाला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर उलानबातरच्या पर्यटन ऑफिसने पाहुणे देणं बंद केलं असतं, आणि लेकीने त्याला शहरात सातव्या मजल्यावर नेऊन बसवलं असतं. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते.

जुन्या राजवटीत तो सरकारी ट्रकवर लोकर वाहायचा. राजवट गेली, ट्रकही गेला. मग दुलमाने, त्याच्या बायकोने, माहेरच्या मेंढ्या विकायला काढल्या आणि ही राखाडी रशियन व्हॅन घरी आली. दुलमा गेल्यापासून उन्हाळाभर तो व्हॅनमध्येच झोपायचा. घर म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून समोरून वारा होता. स्टिअरिंग धरून धरून खांदे भरून आले होते. मागे एक वयस्कर परदेशी जोडपं बसलं होतं आणि त्यांच्याजवळ सारुल. ती साहित्य शिकलेली, पाहुण्यांची वाटाड्या आणि दुभाषी. बरेच उन्हाळे गोंबोबरोबर फिरलेली.

"गोंबो ग्वाय," सारुलने नेहमीची आदराची हाक मारली, "बाई विचारतायत..."

"कळलं काय विचारतायत. तोंडातून काढू नकोस."

पोचायला अजून किती वेळ, हे वाटेत विचारायचं नसतं. विचारलं की वाट रुसते. टायर बसतं, नाहीतर नदीला पाणी येतं. सारुलने बाईंना नेहमीचं उत्तर दिलं, त्या डोंगरापलीकडे. बाईंनी बाहेर पाहिलं. डोंगर सगळीकडेच होते.

खिंडीच्या अलीकडे ओवो लागतो. दगडांची रास, तिच्यावर निळ्या रेशमाच्या पट्ट्या. उतरायचं, एक दगड वाहायचा, तीन प्रदक्षिणा घालायच्या. घाईत असलेला ड्रायव्हर उतरत नाही, तीनदा हॉर्न वाजवतो. देव तेवढं समजून घेतो. गोंबो सहसा उतरायचा. पण आज गुडघे नको म्हणत होते. डाव्या हाताला रास दिसली. तिच्यावर काहीतरी निळं फडफडत होतं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तीनदा हॉर्न वाजवला.

कुत्रा भुंकला.

ओवोपाशी कुत्रा नसतो. गोंबोने ब्रेक दाबला. राशीमागून जाड लोकरी नमद्याचं एक गोल, पांढरं घर हळूहळू डोळ्यांत आलं, आणि घरातून एक बाई. तिने कुत्र्याचं मानगूट धरलं आणि आधी राशीकडे, मग गाडीकडे पाहिलं.

ती हिवाळ्यासाठी रचलेल्या रानगोवऱ्यांची रास होती. वर निळं प्लास्टिक टाकलेलं.

"या भाऊ," बाई म्हणाली. "आमच्या शेणाला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता. टोपीसुद्धा काढलीत."

"मीच सांगितलं वाजवायला," सारुल घाईने म्हणाली. "कुत्रं धराल म्हणून."

"तीनदा?"

परदेशी गृहस्थ खाली उतरून निळ्या प्लास्टिकचा मनोभावे फोटो काढत होते.

बाईचं नाव यांजमा. तिने सगळ्यांना आत बसवलं, मीठ घातलेला दुधाचा चहा दिला, वाळवलेल्या दह्याचे खडे पुढे केले. तिने वाटी दोन्ही हातांनी गोंबोसमोर धरली. त्याने हात पुढे केला, तो वाटीच्या बाजूने निघून गेला. यांजमाने वाटी सरकवून त्याच्या हातात दिली, जणू चूक तिचीच होती.

"ओवो कुठंय?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"दुसऱ्या वाटेवर. मागे फाटा लागला ना, तिथून वर." जरा थांबून ती म्हणाली, "आमच्यामागे कोरडी घळ आहे, भाऊ. आमचे हेसुद्धा तिथे घोड्यावरून उतरून पायी जातात. कुत्रं भुंकलं ते बरं झालं."

गोंबोने चहा संपवला. पलीकडे त्या परदेशी बाई दह्याचा खडा दाढेखाली धरून हसत होत्या. तो त्या हसण्याकडे बराच वेळ पाहत राहिला. चेहरा त्याला नीटसा दिसत नव्हता. परवा पहिल्यांदा गाडीत बसताना याच बाईंनी त्याच्या खांद्यावर विश्वासाने हात ठेवला होता.

बाहेर आल्यावर सारुल कुजबुजली, "ग्वाय, मी ऑफिसात काही बोलणार नाही. खरंच."

"ठाऊक आहे. म्हणूनच मला बोललं पाहिजे." त्याने टोपी झटकली. "हे शेवटचे पाहुणे. फोनला रेंज आली की ऑफिसला मीच सांगतो. तालुक्याच्या गावी दुसरा माणूस पाठवा म्हणतो."

"आणि तोवर?"

"तोवर तू पुढे बस. पाहुण्यांना काय सांगायचं ते सांग. म्हातारा गप्पांचा भुकेला आहे म्हण."

"तुम्ही? सबंध उन्हाळ्यात चार वाक्यं बोलता."

"मग सगळं तूच बोल. वाट बोल."

सारुल पुढे येऊन बसली. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून यांजमाने निघणाऱ्या चाकांमागे दूध शिंपडलं. आणि वर म्हणाली, "परतताना पुन्हा वाजवा हो. आमच्या गोवऱ्यांना सवय लागेल."

गाडी फाट्याकडे वळली, चालत्या माणसाच्या वेगाने. सारुल बोलू लागली. उजवीकडे दगड. आता सरळ. पुढे ओल दिसतेय, जरा वरून घ्या. गोंबो ती सांगेल तसं चाक फिरवत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला वाट सांगत होतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण खांदे तेवढे खाली आले.

खऱ्या ओवोपाशी तो उतरला. सारुलचा दंड धरून तीन प्रदक्षिणा घातल्या. दगड तिने शोधून दिला, वाहिला त्याने.

पुन्हा चढ सुरू झाला. बऱ्याच वेळाने, समोरून नजर न काढता, त्याने विचारलं, "पोरी, अजून किती राहिलं गं?"

सारुलने त्याच्याकडे वळून पाहिलं. गोंबोच्या तोंडून हा प्रश्न तिने कधी ऐकला नव्हता.

"डावीकडे वळण आहे, ग्वाय," ती म्हणाली. "हळू घ्या."