बिनविरोध गावातला माझा दादा

माझा दादा अजातशत्रू नव्हता. कृपा करून तसं लिहिणं थांबवा.

सकाळपासून त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर तेच चाललंय. सरांचा कधी कोणाशी वाद नव्हता. सर सगळ्यांचे होते.

अहो, वाद हाच तर त्याचा सब्जेक्ट होता.

ऐंशीच्या दशकात गडचिरोलीत बसून हा माणूस अमेरिकेच्या इतिहासावर पीएच.डी. करत होता. वर्गात पोरं झोपायची, म्हणून उरलेलं लेक्चर मला ऐकावं लागायचं. मी तेव्हा बी.ए.ला होते, त्याच्याच खोलीवर राहायचे, आणि वरणाला फोडणी देता देता अमेरिका शिकायचे.

भांडण असं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही मोठमोठे इतिहासकार म्हणायला लागले, की अमेरिकेत मुळात सगळ्यांचं एकमतच आहे. लोकशाही, मालमत्ता, व्यक्तिस्वातंत्र्य. तिथले दोन्ही पक्ष त्या उदारमतवादी चौकटीतच भांडतात. घरातली भांडणं म्हणा ना.

मग पुढची पिढी आली. ती म्हणाली, एकमत कोणाचं? काळ्या लोकांना विचारलं होतं? कम्युनिस्ट ठरवून ज्यांच्या नोकऱ्या घालवल्या, त्यांना विचारलं होतं?

मी म्हटलं, "मंग दादा, तू कोणाकडून?"

"दोघंही पुरावे घेऊनच बोलून राह्यले ना," तो म्हणाला. "लोक गप्प होते, हे खरंच आहे. पण गप्प काऊन होते, ते मले पाह्यचं आहे."

ते त्याला आमच्याच गावात पाहायला मिळालं.

आमचं गाव कुरखेड्याच्या बाजूला. त्या साली ग्रामपंचायत बिनविरोध करायची, असं गावानं ठरवलं. गावानं म्हणजे चार-दोन मोठ्या शेतकऱ्यांनी. बाकीच्या उमेदवारांना फॉर्म मागे घ्यायला लावून बसवून झालं होतं. एकच फॉर्म उरला होता, आमच्या मायचा.

माय सहीपुरती शिकलेली. पण आमच्या बौद्ध मोहल्ल्यात हँडपंप यावा म्हणून उभी राहिली होती.

त्या शेतकऱ्यांपैकी एक काका घरी आले. दादा सुट्टीवर आलेला, त्याच्यासमोरच बोलले. आवाज अगदी गोड.

"बाई, गाव एक होऊन राह्यलं. तुमच्या एका फॉर्मपायी अडलं आहे. जबरदस्ती कोणाची नाई. पण रोवणे तोंडावर आले. मजुरीले कोणाले बोलवाचं, ते मंग लोक पाहतीन."

मग दादाकडे वळले. "सर, तुमी तं शिकलेले. समजवा आईले."

दादा काय बोलणार होता? अख्ख्या मोहल्ल्याची चूल भाताच्या रोवणीवर पेटायची. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं?

माय दुसऱ्या दिवशी कुरखेड्याला तहसिलीत गेली आणि फॉर्म मागे घेऊन आली. गावात गुलाल उधळला. पेपरात बातमी आली, गावाच्या एकोप्याची.

रात्री जेवताना माय म्हणाली, "तू ते मोठं पुस्तक लिवून राह्यला ना? त्याच्यात लिव. माझ्या गावात माझी माय बसली, पण ते राजी नव्हती. येवढंच लिव."

दादानं लिहिलं. प्रस्तावनेत, इंग्रजीत, दोन-तीन ओळी. मी वाचल्या होत्या. बाकीचा प्रबंध हुशार माणसाचा होता, त्या ओळी माझ्या दादाच्या होत्या.

गाइड नागपूरचे. वाईट माणूस नव्हे, दादावर जीव होता त्यांचा. ते म्हणाले, "अमेरिकेच्या इतिहासात तुमची आई कुठून आली? एक्झामिनर बाहेरचे आहेत. उगाच वाद नको."

दादानं ती पानं पुष्कळ दिवस टेबलावर तशीच ठेवली. मी भात टाकायचे, तो त्या पानांकडे बघत बसायचा. नोकरी पक्की व्हायला पीएच.डी. लागत होती, आणि आमचं सगळ्यांचं त्याच्याच पगारावर चालायचं. शेवटी ओळी काढल्या. मला ते पटलं नव्हतं, पण त्याला सांगण्यासारखं माझ्याकडेही काही नव्हतं.

डिग्री मिळाली. आम्ही गावी गेलो. मायनं प्रबंध हातात घेतला, पदरानं पुसला.

"माझं कोठी आहे?"

दादा खोटं बोलू शकला असता. तिला कुठे इंग्रजी येत होतं?

"नाई माय. काढा लागलं."

माय रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग तुले बी बसवलं त्याईनं," म्हणाली, आणि भात वाढायला गेली.

तो जेवला. मान खाली घालून, पानातलं सगळं जेवला.

त्यानंतर दादानं त्या विषयावर एक ओळ लिहिली नाही. स्टाफरूममध्ये कोणाला उलटून बोलला नाही. लोकांना वाटलं, सर किती शांत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारा माणूस लांबून शांतच दिसतो हो.

काल आयसीयूच्या बाहेर डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. आता मशीन काढावी, म्हणाले. फार सांभाळून बोलत होते बिचारे. सगळे नातेवाईक तयार आहेत ना?

वहिनीनं मान हलवली. भाच्यानं हलवली. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

त्याचे हाल मला दिसत होते. वहिनी किती रात्री झोपलेली नाही, तेही दिसत होतं. दुसरा रस्ता नव्हता, हे मला पक्कं कळत होतं.

मी हो म्हटलं.

डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, कुटुंबाची एकमताने संमती.

दादा, मी राजी नव्हते.

जा आता. तुझ्या धाकट्या बहिणीचा तुला शेवटचा जयभीम.