उजव्या डोळ्याचे थेंब

पदवीच्या पहिल्या वर्षी मी तत्त्वज्ञान घेतलं ते काही आवडीनं नव्हे. आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात इतिहासाच्या तासाला बसायला जागा मिळत नसे. तत्त्वज्ञानाला आम्ही अकराजण होतो आणि त्या वर्गातला पंखा चालू होता. गुडीहत्नूरहून रोज सकाळच्या बसमध्ये उभ्यानं येणाऱ्या मुलीला एवढं कारण पुरेसं होतं.

सर तेलुगूत शिकवायचे. आम्हा मराठी घरच्या तिघींचे चेहरे कोरे दिसले की हिंदीत यायचे आणि रंगात आले की पुन्हा तेलुगूत जायचे. पुस्तक फारसं उघडत नसत. फळ्यावर एक प्रश्न लिहायचे आणि खिडकीला टेकून आमची भांडणं ऐकायचे. बसचा पास घरी राहिला आणि कंडक्टरनं विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगायचं का? मैत्रिणीचा नवा ड्रेस आवडला नाही, तर तिच्या तोंडावर काय बोलायचं? तितकं मोकळं भांडायला मला पुढं कुठंच मिळालं नाही. आता मी नेरडीगोंड्याच्या एका शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्येही भांडणं होतात, पण ती सुट्ट्यांवरून.

कॉलेजातून आले की मी घरच्यांच्या हात धुऊन मागे लागायचे. बाबा मंडल कार्यालयात कारकून. साहेब समोर बसलेले असताना ते फोनवर 'साहेब दौऱ्यावर गेलेत' म्हणायचे, ते मी पकडलं. डब्यात साखर असताना आईनं शेजारणीला 'संपली' म्हणून सांगितलं, तेही पकडलं. 'हिची फी भरून घरात कोर्ट बसवून घेतलं,' असं बाबा वैतागून म्हणायचे. ही कटकट मनापासून आवडायची ती एकट्या मोठीआईला.

मोठीआई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, ती आमच्यातच राहिली. लोकांच्या शेतात कापूस वेचून तिनं बाबांच्या शाळेला हातभार लावला होता. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. अजूनही संध्याकाळी बसमधून उतरले की वाटतं, ती अंगणात ज्वारी निवडत बसली असेल आणि मी चपला काढायच्या आत विचारेल, "काऊन वं, आज काय भांडन झालं तुमच्या कालेजात?"

मी प्रश्न सांगायचे, ती सुपातून मान वर न करता उत्तर द्यायची. पासच्या प्रश्नावर म्हणाली, "कंडक्टरनं नाई इचारलं तं थो त्याचा कामचोरपना. तू काऊन त्याचं काम करतं?" दुसऱ्या दिवशी हे मी वर्गात माझंच मत म्हणून ठोकून दिलं. सर खूश झाले आणि मीही शिष्टासारखी खाली बसले. मोठीआईचं नाव मी घेतलं नाही, याची मला आज लाज वाटते.

एक दिवस फळ्यावर प्रश्न आला, 'भल्यासाठी खोटं बोलावं का?' मी सगळ्यांच्या आधी उभी राहिले. म्हटलं, कधीच नाही. आम्ही दर रविवारी विहारात पंचशील घेतो, खोटं बोलणार नाही असं म्हणतो, आणि त्या वाक्यापुढं 'पण' नाही. टाळ्या पडल्या. संध्याकाळी तिखटमीठ लावून हे घरी सांगितलं. मोठीआई म्हणाली, "बरं बोल्ली. आता तसंच राह्यजो."

पुढच्याच महिन्यात तिला डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं. बाबांना रजा मिळेना, म्हणून दवाखान्यात मी घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तेलुगूत बोलत होत्या. मला त्यांचं साधं तेलुगू कळत होतं, पण मोठीआईचं तेलुगू भाजीबाजारापुरतं, वांगी आणि पावशेर यांच्या पलीकडे ते जात नसे. तपासून झाल्यावर बाई मला म्हणाल्या, काचबिंदू आहे, डावा डोळा गेला, त्यात आता काही होणार नाही. तोच आजार उजव्यात सुरू झालाय. रोज सकाळ-संध्याकाळ उजव्यात एक-एक थेंब टाकला तर तो टिकेल, पण जन्मभर टाकावा लागेल.

"काय म्हन्ते वं बाई?" मोठीआईनं विचारलं. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

मला ते सांगवलं नाही. "थेंब टाकाचे म्हन्ते. डावा डोया परत येईन हळूहळू," मी म्हटलं. तिची मूठ सुटली. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की वर्गातल्या टाळ्या त्याच्यापुढं काहीच नव्हत्या.

घरी आईबाबांनाही मी तेच सांगितलं. पहिला थेंब मीच टाकला, उजव्या डोळ्यात. ती म्हणाली, "बिमार तं डावा हाये. दवाई उजव्यात काऊन?"

एका खोट्याला आता दुसऱ्याचा टेकू लागत होता. मी म्हटलं, "दवाई आतून फिरते मोठे आई, तिकडंबी जाते." ती बरं म्हणाली. आठ-दहा दिवस थेंब मी टाकले. मग परीक्षा आल्या आणि मी आदिलाबादला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेले. फोनवर रोज विचारायचे, "थेंब टाकला का?" ती रोज सांगायची, "टाकला."

दीडएक महिन्यानं परत आले तेव्हा मोठीआई अंगणात खाटेवर मान मागे टाकून पडली होती आणि डावा डोळा बोटांनी ताणून त्यात थेंब सोडत होती.

मी ओरडलेच. ती दचकून उठली. "त्यात काय झालं? आतून फिरते म्हन्लं ना तू? मंग जो बिमार हाये त्यालेच अगुदर द्याव का नाई?" आमच्या घरात हीच रीत होती. दूध थोडं असलं की ते आजाऱ्याच्या पेल्यात जायचं, धडधाकटानं कोरा चहा प्यायचा. मोठीआईनं डोळ्यांनाही तोच न्याय लावला होता. "उजवा जरासा धुकट दिसते आताशा," ती म्हणाली, "पन डावा येऊन राह्यला वं. काल मले त्यात उजेड दिसला."

खाटेजवळ खाली बसून मी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आणि मी काय सांगितलं ते. मोठीआईनं बाटलीचं झाकण लावलं आणि ते नीट बसलंय का पाहिलं.

"म्हंजे डावा येनारच नाई?"

"नाई."

"हे तवाच म्हन्लं होतं बाईनं?"

"हो."

मी रडायला लागले. ती रागावली नाही, आवाजही चढवला नाही. "नवरा गेला तवा मी बावीस वर्साची होती," ती म्हणाली. "थेबी सोसलं. एका डोयापायी मी मेली असती का? इले सोसत नाई असं तू मले न इचारताच ठरोलं."

आता मी वर्गात मुलांना खरं बोलण्याचा धडा शिकवते तेव्हा माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. उजव्याची एका बाजूची नजर कमी झाली होती आणि ती परत येणार नव्हती. उरलेली थेंबांनी टिकेल, असं बाई म्हणाल्या, आणि ती खरोखरच मोठीआईच्या शेवटापर्यंत टिकली. त्या दिवशी बाईंचं एकेक वाक्य मी तिला जसंच्या तसं मराठीत सांगितलं. जे सांगताना जीभ अडखळली तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

बाहेर औषधाच्या दुकानात बाटली घेतली. मी पिशवीत ठेवत होते, तेवढ्यात मोठीआईनं डॉक्टरांचा कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि दुकानदारापुढं धरला. "भय्या, इसमे क्या लिखा, जरा मेरेकू बोलो."

त्यानं वाचून सांगितलं. दायी आँख, सुबह-शाम एक बूँद, बंद नहीं करना. "और बायी का?" तिनं विचारलं. बायी का कुछ नहीं लिखा अम्मा, तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि कागदाची घडी करून कमरेला खोचली.

मी तिच्या शेजारीच उभी होते. पाच मिनिटांपूर्वी मी तिला हेच सांगितलं होतं.