पाच मिनिटांत साफ

आता माझ्या अकलेचे दिवे किती पाजळू तुमच्यापुढे? आधी कॉफी घ्या, मग हसा.

स्वातंत्र्याला पाचसहा वर्षं झाली असतील. कुंभकोणमच्या एका कॉलेजात मी रसायनाचा हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होतो. कायम करणं प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हातात. तमिळ गृहस्थ, रसायनाचे जुने प्राध्यापक, आणि भजनाचे वेडे. म्हणून मी घरी जवळच्या मरुदानल्लूर गावच्या भजनी मंडळींचं भजन ठेवलं आणि साहेबांना जेवायला बोलावलं. सांबार जमलं की नोकरी पक्की!

आदल्या दिवशी आत्या सांबाराचं मोठं पितळी पातेलं चिंचेनं घासत बसली होती. एका पातेल्याला अर्धी दुपार? मला राहवेना. तिला तिथंच व्याख्यान दिलं: उष्णता वाढव, आम्ल तीव्र कर, अभिक्रिया धावत सुटते. ती काही सांगू लागली. चुलीपुढची बाई मला रसायन शिकवणार? तिला आत पिटाळलं.

प्रयोगशाळेतलं कडक आम्ल आणून पातेल्यात ओतलं, खाली निखारे घातले. काय फसफसलं म्हणता! आतला करडा मळ पाच मिनिटांत साफ, पातेलं आतून पिवळंधमक. शेजारीपाजारी दाखवून आलो.

सकाळी आत्या पातेल्याला हात लावेना.

"कल्हई गेली की बा. ह्यांत आंबट शिजवूं नकोस, कळकेल."

कल्हई म्हणे! दहा पाण्यांनी धुतलंय, म्हटलं.

"मग तूंच ढवळ."

ढवळलं ना! चिंचेचा कोळही मीच ओतला, सढळ हातानं, आणि तासभर उकळू दिलं.

पानं वाढली. साहेबांनी पहिला घास घेतला आणि तसाच पानाच्या कडेला टाकला. सांबारावर हिरवट तवंग. दुसऱ्या कुणाला त्यांनी चाखूच दिलं नाही. पातेलं मागवलं, आत डोकावले. कल्हई किती वेळात निघाली, म्हणून विचारलं.

"पाच मिनिटांत, सर." आणि मूर्खासारखा मी छाती काढून उभा!

साहेबांनी हात धुतले. "रसायन येतं तुला. घाई तेवढी वाईट. तुझ्या नोकरीत ती चूक आम्ही करणार नाही."

कायम व्हायला मला पुढं चार वर्षं लागली. आत्या मात्र दर वर्षी विचारायची, नोकरीच्या खाली निखारे घालूं का म्हणून.