मिस्त्री कधी येणार?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी फरश्या बसवतात. हे मी पाहुण्यांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग मलाच दुरुस्त करतात, "म्हणजे त्यांचे मिस्टर बसवतात." मिस्टर नाही हो. मिस्टर स्वयंपाक करतात.

पूर्वी उलट होतं. मिस्त्री फरश्या बसवायचे आणि वहिनी त्यांच्या हाताखाली सिमेंट कालवायच्या. मग मिस्त्रींच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. उकिडवं बसता येईना, आणि फरशी काही उभ्याने बसवता येत नाही. वहिनींनी थापी हातात घेतली, मिस्त्रींनी उलथनं, आणि खरं सांगते, दोन्हीकडे सुधारणा झाली. वहिनींच्या हातची भाजी मी खाल्लेली आहे. त्या फरशीकडे वळल्या यात सगळ्यांचंच भलं झालं.

नाव मात्र जिथल्या तिथे राहिलं. दिवसभर गॅसपाशी उभे ते मिस्त्री, आणि कोपरापर्यंत सिमेंटने माखलेल्या त्या मिस्त्रीणबाई. आपल्याकडे रीतच तशी. नवरा डॉक्टर झाला की बायको परीक्षा न देता डॉक्टरीणबाई. पण बायकोच मिस्त्री झाली तर नवऱ्याला काय म्हणायचं, याची सोय कुणी करून ठेवलेली नाही.

यात वहिनींचं नुकसान व्हायला लागलं. कामावर गेल्या की घरमालक विचारायचा, "मिस्त्री कधी येणार?"

"आलेय की."

"हो, तुम्ही आलात. पण मिस्त्री?"

आणि खुर्ची टाकून वाट बघत बसायचा. फोनवर तर कहर. माणसं मिस्त्रींशीच बोलायची. मिस्त्री कढई हलवत "हो हो, होऊन जाईल" म्हणायचे आणि कोणाचं काम, कुठल्या घरात, हे फोडणीच्या धुरात विसरून जायचे. चांगली चांगली कामं अशी हातची गेली. शेवटी एकदा वहिनींनी मला जिन्यात गाठलं. "आजपासून कामावर मला मिस्त्री म्हणायचं आणि कामाचं माझ्याशी बोलायचं. चहाला आलात की वहिनी म्हणा, ताई म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा."

ही बातमी मी चार घरांत पोचवली. शेजारधर्म असतो. पाचव्या घरात पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली होती. वहिनी स्त्रीवादी झाल्या. नवऱ्याला चुलीला जुंपलं. आता केस कापणार, मग सिगारेट ओढणार, मग नवऱ्याला टाकणार, अशा क्रमाने. शेजारच्या विमाएजंटने तर हळहळून सांगितलं, "या बायका हसत नाहीत म्हणे. विनोद करायचीही चोरी." त्याच्या विनोदांना कुठल्याच वादाची बाई हसत नाही, हे त्याला कोण सांगणार?

तेवढ्यात इमारतीच्या जिन्याचं काम निघालं. वहिनींना ते हवंच होतं. जिना म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली आपलं काम. त्यावरूनच पुढची कामं चालत येणार. गच्चीवर सभा भरली. आमचे सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर. मागे फळा असल्यासारखे उभे राहून ते म्हणाले, "आधी माझ्या मजल्यावरचा पॅसेज करून दाखवा. मग जिन्याचं बघू. पण मिस्त्री वगैरे म्हणणं आम्हाला जमणार नाही. वहिनी म्हणण्यात मान आहे. आणि तुमच्या मिस्टरांचा विचार केलात का? मिस्त्री तुम्ही झालात, तर त्यांनी काय म्हणवून घ्यायचं?"

यावर जी सभा रंगली म्हणता. जिना राहिला बाजूला. कुणी म्हणे माजी मिस्त्री, कुणी म्हणे थोरले मिस्त्री. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते कोपऱ्यात लसूण सोलत बसले होते. म्हणाले, "मला ही 'अहो' म्हणते. मी ओ देतो. माझं भागतं."

सेक्रेटरींनी तेवढंच पकडलं. "बघा. स्त्रीवादी म्हणवता आणि नवऱ्याला 'अहो'?"

"असेन स्त्रीवादी," वहिनी म्हणाल्या. "अहो म्हटल्याने फरशी वाकडी बसते का? घरात आम्ही एकमेकांना काय म्हणायचं ते आमचं आम्ही बघू. कामावर तुम्ही मला काय म्हणणार, ते सांगा."

"वहिनीच. आणि कामाचा निरोप मिस्टरांकडेच देणार. काही शिस्त असते."

"बरं. मग माझेही निरोप त्यांच्याच हातून येतील."

पॅसेजचं काम सुरू झालं. माझ्या दारापुढचा भाग आधी झाला, सुकलाही. सेक्रेटरींच्या दारापुढचा राहिला होता. वहिनींनी मिस्त्रींना बजावलं, "उद्या त्यांच्या दारात फरश्या बसतील. सकाळी लवकर बाहेर पडा म्हणावं, नाहीतर दिवसभर घरात बसा." मिस्त्री सांगायला निघाले, दोन पायऱ्या उतरले, कुकरची शिट्टी झाली आणि मागे फिरले. निरोप भातात शिजला.

सकाळी सेक्रेटरींनी दार उघडलं. कडक इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. त्या दिवशी वाचनालयात त्यांचं भाषण होतं. विषय, स्त्री आणि तिचा सन्मान. आठवडाभर ते आरशासमोर घोकत होते आणि आमची भिंत पातळ, त्यामुळे निम्मं भाषण मलाही पाठ झालेलं. पाय बाहेर टाकणार, तर उंबऱ्यापासून ओल्या फरश्या. पलीकडे वहिनी पाठमोऱ्या बसून रबरी हातोडा चालवत होत्या.

"वहिनी."

टक, टक.

"अहो वहिनी, मला जायचंय."

टक, टक.

मी चहाचा कप घेऊन आमच्या दारात आले. असं काही चुकवायचं नसतं.

"ताई," सेक्रेटरी म्हणाले. मग "बाई," जरा वर्गातल्या आवाजात. मग सदऱ्याची कॉलर नीट करून "मॅडम." हातोडा आपल्या तालात. शेवटी बिचारे घायकुतीला आले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, ऐकलं का?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मला नाही कधी इतकं गोड बोलावलंत. कोण आहे बाहेर?"

माझा चहा सांडला.

एवढ्यात जिन्याच्या तोंडाशी मिस्त्री आले, हातात वहिनींच्या चहाची किटली. सेक्रेटरींच्या जिवात जीव आला. "मिस्त्री, सांगा ना यांना."

मिस्त्री म्हणाले, "साहेब, काल तुम्हाला निरोप द्यायला निघालो होतो. कुकर झाला. आणि हे काही पहिल्यांदा नाही. माझ्या भरवशावर राहाल तर भाषण संपल्यावर पोचाल. तुम्ही मिस्त्रींशीच बोला."

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"मिस्त्री," ते म्हणाले. आवाज असा, की वर्गात कुणाच्या तोंडून असं उत्तर आलं असतं तर त्यांनीच 'मोठ्याने' म्हणून दटावलं असतं.

हातोडा थांबला. वहिनी वळल्या. मी चेहरा नीट निरखला. राग नाही, तोरा नाही. गिऱ्हाइकाकडे बघतात तसं बघितलं. "बोला साहेब."

"बाहेर कसा पडू?"

"फळी टाकते. एक टोक तुमच्या उंबऱ्यावर, दुसरं या सुकलेल्या भागावर. चपला हातात घ्या आणि मध्ये थांबू नका."

फळी पडली. सेक्रेटरी दोन्ही हातांत चपला धरून निघाले आणि नेमके मध्ये थांबले. "जिन्याचं काम कधी सुरू कराल?"

"सोमवारी. पण आधी सगळ्यांना सांगा, काम कोणाला दिलंय."

"सांगतो. मिस्त्रींना दिलंय."

"कुठल्या?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

त्यांनी उजव्या हातातली चप्पल वहिनींकडे दाखवली. "यांना."

तोवर त्यांची बायको पदराला हात पुसत उंबऱ्याशी आली होती. "मिस्त्री, आमच्या न्हाणीघरातली फरशीही हलते. एकदा बघून जा ना."

"ते मी त्यांच्या मिस्टरांना सांगतो," म्हणत सेक्रेटरी सवयीने मागे वळले आणि फळी डुगडुगली.

"तुम्ही पुढे बघा," दोघी एकदमच म्हणाल्या.