फाट्यावरचा हात

फाटेमास्तरांना कुणी वाट विचारली, तर ते नुसता हात करून कधी सांगत नसत. हातातलं काम टाकून, पायांत वहाणा सरकवून ते त्या माणसाबरोबर थेट फाट्यापर्यंत जात, त्याला वाटेला लावत आणि तो टेकाडाआड होईपर्यंत तिथंच उभे राहत. शाळेत मुलं पाढे म्हणत असली तरी हेच. एकदा साहेब तपासणीला आले, तेव्हा आमचे मास्तर एका बैलवाल्याला पोचवायला गेलेले!

फाटेमास्तर हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मिशन शाळेचे मास्तर, मी बोर्डाच्या शाळेचा. लढाईचे दिवस होते. गावात मास्तर असे आम्ही दोघंच, त्यामुळे आमचं मेतकूट लवकर जमलं.

या पोचवण्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची बायको मार्थाबाई पहिल्याच खेपेला अडली. नगरहून बोलावलेली नर्सबाई मोटारीतून उतरून माळावरच्या फाट्यापर्यंत वेळेत आली होती. तिथं एका गुराख्यानं लांबूनच हात केला, "त्या तिकडं." तिकडं दोन वाटा होत्या. बाई भलत्याच गावी गेली आणि आमच्या गावात पोचली तेव्हा दिवस कलला होता. आई गेली, मूलही गेलं. "दोष गुराख्याचा नाही, बाईचाही नाही," मास्तर म्हणाले. "फाट्यावर काही खूणच नव्हती."

म्हणून फाट्याफाट्यावर दगड उभे करायचं त्यांच्या मनानं घेतलं. दर रविवारी प्रार्थना झाली की ते माळ तुडवायला निघत, पावलं मोजत, वहीत वाटा काढत. बाजाराच्या आणि सडकेच्या सगळ्या पायवाटा मिळून अकरा फाटे भरले. वही घेऊन ते कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं ती उलटीसुलटी करून पाहिली. "मास्तर, पायवाट म्हणजे काही रस्ता नव्हे. सरकारी कागदावर जी नाही, तिला सरकारी पैसा कुठून येणार?" मास्तर परत आले ते येता येता वाटेतच दुसरी तोड काढून.

"ज्या गावाचं नाव, त्या गावाचा दगड," असा त्यांनी नियम केला. गावानं दगड द्यायचा, वाहायला बैलगाडी द्यायची आणि घडवणाऱ्या वडाराला काम चालेल तोवर जेवू घालायचं. नाव कोरून मिळणार म्हटल्यावर गावं हां हां म्हणता तयार झाली. पण जिथं एकाच दगडावर दोन गावांची नावं आली, तिथं वर नाव कुणाचं यावरून दोन पाटील हातघाईवर आले. "जे गाव जवळ, ते वर," मास्तरांनी निकाल दिला. "मोठं कोण ते चालणाऱ्याच्या पायांना काय करायचंय?"

वाचता येणारे थोडे, म्हणून नावाशेजारी त्यांनी कोपरापासूनचा हात कोरून घेतला, बोट वाटेकडं केलेलं. इथंच ते चुकले. आपल्याकडं दगडावर कोरलेला हात म्हणजे सतीचा! महिनाभरात आमच्या फाट्यावरच्या दगडाला कुंकू फासलं गेलं, पुढं नारळ फुटले, हिरव्या बांगड्या आल्या. मी भडकलो. घासून काढू म्हणालो. मास्तर शांत. "राहू द्या, गुरुजी. बिनकुंकवाचे दोन दगड लोकांनी धुणं धुवायला नेलेत. हा जागचा हलायचा नाही."

तरी पाटलांच्या म्हातारीला त्यांनी एकदा सांगून पाहिलं, की हा हात फक्त वाट दाखवायला आहे.

"मंग सतीमाय दुसरं काय करती?" म्हातारी म्हणाली. "वाटच दावती. तुमाला न्हाई ठावं, मास्तर."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग बोट तेवढं मोकळं ठेवा, म्हणजे कुठली वाट ते कळेल." बायकांनी ते मात्र पाळलं.

पुढच्या वर्षी माझी बायको अडली. पहाटेच माणूस नगरला धाडला. मास्तर नेमके हिवतापानं अंथरुणाला खिळलेले. "मी फाट्यावर थांबतो," म्हणून उठले आणि दारातच कोसळले. नगरला मोटारीत एकच जागा मिळाली, म्हणून निरोप्याला मागं ठेवून नर्सबाई एकटीच निघाली. आम्हाला त्याचा पत्ताच नाही. सूर्य माथ्यावर यायच्या आत ती आमच्या दारात हजर!

मी मास्तरांकडं धावत गेलो. "मुलगी झाली, मास्तर. दोघी सुखरूप आहेत."

"बाईंना वाट कुणाला विचारावी लागली का?"

"कुणालाच नाही. लांबूनच लाल हात दिसला म्हणाली."

मास्तर भिंतीकडं तोंड करून रडले. मीही रडलो, लपवायचं कशाला?

वर्षभरानं त्यांची बदली झाली. त्या दिवशी पोचवायला मी गेलो. फाट्यावर आल्यावर ते थांबले. "परता आता, गुरुजी. इथून पुढं दगड आहेत."

मग त्यांनी दगडातल्या त्या हातावर आपला हात ठेवला. मी त्यांना तसं करताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तळव्याला कुंकू लागलं. त्यांनी ते पाहिलं, पण धोतराला पुसलं नाही. तसाच लाल हात घेऊन ते चालू लागले.